डावा गाल

डॉक्टर नाम्पिजांनी चारही फोटो टेबलावर एका ओळीत मांडले. पारदर्शक पट्टी नाकाच्या मध्यापासून डाव्या गालाच्या कडेपर्यंत धरली आणि बाजूच्या कागदावर आकडा लिहिला. मग दुसऱ्या फोटोवर पट्टी ठेवली, मग तिसऱ्या. तिन्ही आकडे सारखे आले. चौथ्यावर त्यांनी पट्टी दोनदा लावून पाहिली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा लावली.

टेबलाच्या अलीकडे एरिसा किबिरांगो टोपी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या खुर्चीत त्यांची नात नाबोसा, तेरा वर्षांची, शाळेच्या निळ्या स्वेटरमध्ये. आत आल्याबरोबर तिने रीतीप्रमाणे गुडघे टेकून डॉक्टरांना नमस्कार केला होता आणि डॉक्टर हसून "पुरे, उठ" म्हणाल्या होत्या. ते हसू आता मावळलं होतं.

"गाल आणखी आत गेलाय," त्या म्हणाल्या. "मे महिन्यापासून आतापर्यंत चार मिलिमीटर."

फोटो चेहऱ्याच्या मूळ आकारात छापलेले होते, म्हणजे फोटोतले चार मिलिमीटर ते गालाचेही चार. डॉक्टरांनी दोघांना समजेल असं सांगितलं. मे महिन्यापर्यंत काही बदल नाही असं दिसलं, म्हणून त्यांनी डिसेंबरात ऑपरेशन करायचं मनाशी धरलं होतं. पोटाची चरबी घेऊन ती गालात भरायची. पण आजार थांबलेला नसताना भरली, तर तो ती भरणीही खाऊन टाकतो. आता पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं. दोन वर्षं तरी वाट बघू, त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांनी नाबोसाकडे पाहिलं, आजोबांकडे नाही.

नाबोसाने चारही फोटोंवरून नजर फिरवली. मग ती आजोबांकडे बघत राहिली, थोडी जास्तच वेळ. मग स्वेटरची बाही ओढून तिने बोटं आत घेतली.

"बरं," ती म्हणाली.

किबिरांगोंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या तोंडून आला तो प्रश्न वेगळाच होता. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या का, एवढंच त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी हो म्हटलं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा नाबोसा आठ वर्षांची होती. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत एक फिकट रेघ उमटली. तिच्या आईला, देझिरांताला, वाटलं बाकावर आपटली असेल. मग डाव्या डोळ्याखाली खोलगट सावली आली. वर्षभरात त्या बाजूचा गाल असा दिसू लागला की जणू कुणी आतून हळूहळू काढून घेत होतं. शेजारणींनी आपापले तर्क लढवले. देझिरांता शाळेत शिकवणारी बाई, ती कुणाचं ऐकून न घेता मुलीला थेट कंपालाच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथे तीन-चार डॉक्टरांकडून फिरत फिरत प्रकरण डॉक्टर नाम्पिजांकडे आलं. कातडीखालची चरबी विरत जाते, त्या म्हणाल्या. का, ते कुणालाच ठाऊक नाही. एका बाजूलाच होतं, दुसऱ्याला लागत नाही, जीवाला धोका नाही. काही वर्षं चालतं आणि एक दिवस आपोआप थांबतं. कधी थांबेल ते आधी सांगता येत नाही, थांबल्यावर मागे वळून पाहिलं की मगच कळतं.

आणि मागे वळून पाहायला फोटो लागतात. पोरीच्या गालाचा खड्डा टेपने मोजता येत नव्हता, इस्पितळातला कॅमेरा बंद पडून वर्ष झालं होतं. मुलीचे आजोबा मसाकात फोटो स्टुडिओ चालवतात हे कळल्यावर डॉक्टरांचा चेहरा उजळला होता. दर चार महिन्यांनी, त्याच खुर्चीत, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात एक फोटो काढायचा, त्यांनी बजावलं. किबिरांगोंना मनातून फार बरं वाटलं. चार वर्षं ते या पोरीसाठी काही करू शकले नव्हते, आणि आता त्यांच्याच धंद्याचं काम निघालं होतं. त्यांनी स्टुडिओच्या जमिनीवर पिवळ्या रंगाने खुर्चीच्या चार पायांच्या खुणा केल्या, कॅमेऱ्याच्या तिवईच्या तीन केल्या, आणि मान हलू नये म्हणून खुर्चीच्या पाठीला लाकडाची एक पट्टी ठोकली.

गेल्या वर्षी सप्टेंबरात काढलेला पहिला फोटो उत्तम आला. अगदी स्वच्छ. गालाचा खड्डा, डोळ्याखालची काळी खोबण, ओठाचा वर ओढला गेलेला कोपरा, सगळं जसंच्या तसं. नाबोसाने तो पाकिटातून काढून उजेडात धरला.

"मी अशी दिसते?" तिने विचारलं.

त्यानंतरचे दोन दिवस ती डाव्या गालाला तळहात लावून बसायची. जेवताना, अभ्यास करताना, सगळीकडे. तिसऱ्या दिवशी किबिरांगोंनी तो फोटो संगणकावर पुन्हा उघडला.

ही सवय त्यांच्या हातात मुरलेली होती. पोरवयात ते कार्दोझ नावाच्या गोवेकराच्या स्टुडिओत शिकले होते. तो त्यांना काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने चेहरे दुरुस्त करायला बसवायचा. देवीचे व्रण, डोळ्यांखालच्या पिशव्या, नवरीच्या कपाळावरची पुटकुळी. गिऱ्हाईक त्यासाठीच येतं, तो म्हणायचा. पुढे तो देश सोडून गेला, काच गेली, पेन्सिल गेली, संगणक आला. तरी किबिरांगोंच्या हातून आजवर एकही चेहरा हात न फिरवता बाहेर गेला नव्हता. नाबोसाच्या फोटोवर त्यांनी एवढंसंच केलं. गालाची कड किंचित बाहेर ओढली, सावली किंचित उजळली. नवीन फोटो पाकिटात घातला, जुना कपाटात टाकला. पाकीट कंपालाला नेण्याचं काम नाबोसाचं असे, आणि वाटेत ती ते उघडून बघायचीच. त्यांना तेवढ्यापुरतंच हवं होतं.

जानेवारीत आणि मेमध्ये त्यांनी तसंच केलं. मे महिन्यात मात्र डॉक्टर म्हणाल्या की पुढचा फोटो महत्त्वाचा, त्यावरूनच किती चरबी भरायची ते ठरवणार. हे ऐकून ते घाबरले. खड्डा कमी दाखवला तर भरणी कमी पडेल. म्हणून सप्टेंबरचा फोटो त्यांनी मुळीच हात न लावता छापला आणि पाकीट डिंकाने चिकटवून दिलं. हे थेट डॉक्टरांनीच उघडायचं, असं नाबोसाला सांगितलं. चारही फोटो शेजारी शेजारी मांडले जातील, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

परतीच्या टॅक्सीत, म्हणजे छोट्या मिनीबसमध्ये, चौदा माणसं होती. वाटेत लुकायाला गाडी थांबताच भाजलेली केळी आणि कोंबडीच्या तंगड्या खिडक्यांतून आत आल्या. किबिरांगोंनी नाबोसासाठी दोन केळी घेतली. ती उजव्या बाजूने सावकाश खात होती. फेब्रुवारीत ती नव्या शाळेत जाणार होती, मुलींच्या वसतिगृहात, जिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. गेले चार महिने ती त्याबद्दल बोलत होती. नवा चेहरा घेऊन जाईन असं ती कधी म्हणाली नव्हती, पण डिसेंबरातलं ऑपरेशन आणि फेब्रुवारीतली शाळा ही दोन नावं ती नेहमी एका दमात घ्यायची. आज ती दोन्हींबद्दल काही बोलली नाही. पुढच्या बाकावरच्या बाईचं बाळ मागे वळून तिच्याकडे टक लावून बघत होतं. नाबोसाने त्याला केळ्याचा तुकडा दिला.

किबिरांगोंनी तिला तिथेच सांगायला हवं होतं. तसं त्यांनी ठरवलंही. पण मग मसाका आलं.

पुढचे चार दिवस त्यांनी दुकान उघडलं आणि काम काही केलं नाही. एक मुलगी लग्नाचे फोटो न्यायला आली, तिला उद्या ये म्हणून परत पाठवलं. पाचव्या दिवशी त्यांनी कपाटातून पहिल्या फोटोचा मूळ कागद काढला, दुसरा आणि तिसरा मूळ संगणकातून छापून घेतला आणि एकटेच कंपालाला गेले. घरी सांगितलं की कॅमेऱ्याचा दिवा बदलायचा आहे.

डॉक्टर नाम्पिजा जेवायला निघाल्या होत्या. म्हाताऱ्याला दारात उभं पाहून त्या परत बसल्या.

"त्या दिवशीचा चौथा फोटो खरा आहे," किबिरांगो म्हणाले. "आधीचे तीन मी दुरुस्त केले होते."

डॉक्टरांना पहिल्यांदा कळलंच नाही. किबिरांगोंनी पाकीट पुढे सरकवलं. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि तीन मूळ फोटो मोजले, मग सप्टेंबरचा पुन्हा मोजला. बराच वेळ गेला. बाहेर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती.

"एका मिलिमीटरचाही फरक नाही," अखेर त्या म्हणाल्या. "वर्षभरात काहीच हललेलं नाही." मग पट्टी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कशासाठी केलंत हे, जाजा?"

जाजा म्हणजे आजोबा, सगळ्याच म्हाताऱ्यांना जाजा म्हणतात. पण त्या क्षणी किबिरांगोंना ती हाक फार जवळची वाटली, आणि त्यामुळेच उत्तर देणं अवघड गेलं.

"ती पाकीट वाटेत उघडते," ते म्हणाले.

डॉक्टरांनी हातातली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली, मग उभी केली. मी तिला दोन वर्षं थांबवलं असतं, त्या म्हणाल्या. तेरा वर्षांच्या मुलीची दोन वर्षं. किबिरांगो हो म्हणाले.

मग डॉक्टर काहीशा स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलू लागल्या. बाहेरच्या देशांत आता काही डॉक्टर आजार थांबायची वाटच बघत नाहीत. आजार चालू असतानाच थोडं थोडं भरतात, विरलं की पुन्हा भरतात, म्हणजे मुलांना शाळेत तरी टोमणे ऐकावे लागत नाहीत. त्यांनीही एकदा तसं केलं होतं, नऊ वर्षांच्या एका मुलीवर. वर्षभरात भरलेलं सगळं विरून गेलं. पोरगी विचारायची, माझं कुठे गेलं? तेव्हापासून त्या थांबतात. थांबतानाही धाकधूक असतेच. एखादं मूल उगाच थांबतंय की काय, हे रोज मनात येतं.

"या वेळी उगाचच थांबवलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि मला कधी कळलंही नसतं."

त्यांनी एक अट घातली. मुलीला पुन्हा घेऊन या, फोटो इथे माझ्यासमोर काढायचा. दोन आठवड्यांनी तो काढला गेला. किबिरांगोंनी स्वतःचा कॅमेरा आणला आणि डॉक्टर बाजूला उभ्या राहून बघत होत्या. आकडा तोच आला. सोळा डिसेंबर ही तारीख ठरली.

नाबोसाला त्यांनी एवढंच सांगितलं, की मोजण्यात चूक झाली होती. ती आनंदाने टाळ्या वाजवून आईकडे पळाली. चूक कुणाची, हे तिने विचारलं नाही.

देझिरांताला मात्र त्यांनी खरं सांगितलं. ती अंगणात जेवणासाठी कच्ची केळी सोलत होती. ऐकताना तिची सुरी एकदाही थांबली नाही. सगळी केळी सोलून झाल्यावर तिने हात धुतले.

"ताता, मी तिला दोन वर्षांचं समजवत बसले होते," ती म्हणाली. "रोज. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

त्यानंतर आठवडाभर ती वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि आत जायची. नाबोसा दोघांकडे आळीपाळीने बघायची. मग एका संध्याकाळी देझिरांताने वडिलांचा जुना कोट इस्त्री करून खुंटीला लावला. इस्पितळात डिसेंबरात वारा लागतो, ती म्हणाली, बरोबर न्या. किबिरांगोंनी कोट लगेच घालून बघितला. घाम येत होता, तरी जेवण होईपर्यंत काढला नाही.

ऑपरेशनला तीन तास लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी देझिरांता औषधं आणायला खाली गेली आणि किबिरांगो पलंगाशेजारी स्टुलावर बसले. नाबोसा उशीला टेकून बसली होती. कपाळाची रेघ होती तशीच होती, ती जायची नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण डावा गाल फुगून उजव्याच्या दीडपट झाला होता. सूज उतरेल, भरलेल्यातलंही काही विरेल, वर्षभराने कदाचित पुन्हा थोडं भरावं लागेल. हे सगळं तिला पाठ होतं. ती पेजेचा कप दोन्ही हातांनी धरून उजव्या कोपऱ्यातून घुटके घेत होती.

"आता हा जास्त झाला," ती म्हणाली. शब्द सुजलेल्या ओठांतून जाड येत होते. "आता उजवा बारीक दिसतो."

"बाईसाहेबांना दोन्ही बाजूंनी तक्रार आहेच," किबिरांगो म्हणाले.

ती हसायला गेली आणि दुखलं म्हणून थांबली. समोरच्या पलंगावरच्या बाईचा रेडिओ चालू होता. किबिरांगोंनी टोपी गुडघ्यावर फिरवली. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिला फोटो, त्यानंतरचे ते दोन दिवस, संगणकावर गालाची ओढलेली कड, मग जानेवारी, मग मे. त्यांनी काही गाळलं नाही. बोलताना ते तिच्याकडे न बघता पलंगाच्या लोखंडी दांड्याकडे बघत होते.

नाबोसाने कप खाली ठेवला.

"मला माहीत होतं, जाजा."

त्यांनी वर पाहिलं.

"आधीचा फोटो मी पाहिला होता ना. पाकिटात दुसराच होता. आरसा तर मी रोज बघते."

"मग तू कधी बोलली नाहीस."

"मला वाटलं, तुम्हाला तसं बघून बरं वाटतं."

खालून ट्रॉलीचा आवाज येत होता. मग त्यांना डॉक्टरांच्या खोलीतला तो दिवस आठवला, ओळीत मांडलेले चार फोटो, आणि नाबोसाची आपल्यावर रेंगाळलेली नजर.

"आणि डॉक्टर दोन वर्षं म्हणाल्या तेव्हा?" त्यांनी विचारलं. "तेव्हा तरी सांगायचंस. तुला तर कळलं असेल."

नाबोसाने पांघरुणाची कड नीट केली.

"तुम्ही तिथेच बसला होतात ना," ती म्हणाली.

किबिरांगोंचा हात आपसूक तिच्या गालाकडे गेला. तिने झटकन मान मागे घेतली.

"तीन आठवडे हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली, आणि त्यांचा हात हवेत तसाच राहिलेला पाहून तिने उजवा गाल पुढे केला.